भातावरचं तूप

"एवढ्याशा तुपाने काय होतंय?" असं मला जो म्हणतो त्याच्याशी मी निदान त्या दिवसापुरतं बोलत नाही. आमच्या सोसायटीत आता हे बहुतेकांना ठाऊक झालं आहे, तरी हळदीकुंकवाला एखादी नवी सून किंवा कुणाची तरी परगावहून आलेली बहीण असतेच. ताटलीत शिरा, शिऱ्याच्या कडेने सुटलेलं तूप, आणि वर आग्रह. "प्रसाद आहे हो, प्रसादाला नाही म्हणू नये." मी म्हणते, "मग नंतर सलाईनही देवालाच लावायला सांगा." त्या हसतात. त्यांना वाटतं मी विनोद केला. विशी ओलांडताना मला एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, चाळिशीचा भरवसा देता येत नाही. मी पन्नाशी ओलांडून बसले आहे, आणि त्यात निम्मा वाटा पथ्याचा, उरलेला निव्वळ खुनशीपणाचा आहे. जेवणाबरोबर कॅप्सूल, पोटावर इन्सुलिनची सुई, आणि ताटात जे पडायचं ते माझ्याच हाताने. दुसऱ्याच्या हातून वाढून घेणं मी का सोडलं ते इथे सांगायचं आहे. कुणाचं मन दुखेल म्हणून आजवर टाळत होते. ज्यांचं दुखायचं ते आता राहिले नाहीत, आणि राहिले असते तरी आता सांगितलंच असतं.

कर्वेनगरात आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट होता. खोल्या तीन आणि माणसं तीन: बाबा, काकू आणि मी. आई मी पहिलीत असताना गेली. त्याच्या थोडं आधी बाबांचा धाकटा भाऊ, गोविंदकाका, गेला होता. त्याच्या बायकोला, म्हणजे काकूला, मूलबाळ नव्हतं, माहेरी कुणी विचारणारं नव्हतं, म्हणून बाबांनी तिला आमच्याकडे आणलं. 'आणलं' हा शब्द बाबांचा. मला सांभाळायला बाई हवी होती, तिला डोक्यावर छप्पर हवं होतं, इतकी साधी गोष्ट. पण ते उपकाराच्या सुरात सांगायचे आणि काकू ते मान खाली घालून ऐकायची. पहाटे दाराच्या कडीला दुधाच्या पिशव्या अडकवल्याचा आवाज, मग पाण्याच्या मोटरची घरघर, मग बाबांच्या पूजेची घंटा, खालच्या मजल्यावरच्या आजोबांचा रेडिओ, कुकरच्या शिट्ट्या. या सगळ्यात काकूच्या हातून भांड्याचा आवाज म्हणून कधी होत नसे. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या बाईच्या हातून तो होत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

बाबा सरकारी कचेरीत होते. घरात त्यांनी पाण्याचा पेला कधी स्वतः भरून घेतला नाही, पण तूप मात्र त्यांचं. साय साठवायची काकूने, विरजण लावायचं काकूने, घुसळून लोणी काढायचं काकूने, आणि रविवारी सकाळी ते लोणी कढवायला गॅससमोर उभे राहायचे बाबा. मंद आचेवर लोणी आधी कडकडतं, मग तो आवाज बारीक बारीक होत जातो, आणि तो पुरता थांबायच्या आत गॅस बंद करायचा असतो. ते कान देऊन उभे असायचे, कुणी मध्ये बोललं तर डोळे वटारायचे. शेवटी विड्याचं पान टाकायचे, ते चुर्रकन वाजायचं आणि वास थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचा. खाली उरलेली बेरी साखर घालून वाटीत मला. आई गेल्यावर या माणसाने मला मायेने दिलेली एकच वस्तू म्हणजे ती बेरी. ती खरंच मायेने दिलेली असायची, आणि हे कबूल करताना आजही माझं डोकं तापतं.

जेवायला बसलं, वरण-भात वाढून झाला, तरी कुणी हात लावायचा नाही. बाबा तुपाची वाटी घेऊन उठायचे आणि पळीने प्रत्येकाच्या भातावर तूप सोडायचे. याला अन्नशुद्धी म्हणतात. तूप पडेपर्यंत भात नुसता शिजलेला असतो, शुद्ध झालेला नसतो. बऱ्याच घरांत हे तूप घरातली बाई वाढते. आमच्याकडे आई गेल्यापासून तो मान बाबांनी स्वतःकडे घेतला होता आणि काकूकडे कधी जाऊ दिला नाही. काकूच्या भातावर थेंब पडायचा, माझ्या भातावर धार. "खा. तुझ्या वयाला अंगी लागतं," म्हणायचे. काकू स्वतःच्या भातावरचा तो थेंब निमूट कालवायची.

आणि गोविंदकाका. तो पस्तिशीच्या आतच पोटाच्या दुखण्याने गेला. जेवला की गुडघे पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसायचा म्हणे, वारंवार दवाखान्यात पडायचा, आणि शेवटच्या खेपेला परत आला नाही. कुठल्याशा डॉक्टरने बाबांना विचारलं होतं, "पीत होते का?" बाबांनी तो प्रश्न उत्तर म्हणून घरी आणला. तेव्हापासून आमच्या घरात काकाचं नाव निघायचं ते दारूच्या वासासकटच. टीव्हीवर कुणी झोकांड्या खाताना दिसला की बाबा म्हणायचे, "आमचे बंधुराज." काकू पोळी लाटता लाटता, वर न बघता म्हणायची, "ह्यांनी कधी थेंबाला हात लावला नाही, भाऊजी." आणि बाबा म्हणायचे, "बरं." पुण्यात 'बरं' म्हणून माणसाला जिवंत गाडता येतं. हे इतक्या वेळा झालं होतं की मला ते घरातल्या घड्याळाच्या टोल्यांसारखं वाटायचं, लक्षच जायचं नाही.

माझं दुखणं सुरू झालं ते पाडव्याच्या दिवशी. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. श्रीखंड, पुऱ्या, मसालेभात, बटाट्याची भाजी, भजी, आणि आधी अर्थातच वरण-भात आणि त्यावरची धार. दुपारी झोपले आणि उठले ती ओरडतच. ही कळ कशी असते ते ज्याला आली नाही त्याला सांगून उपयोग नाही, तरी सांगते. बेंबीच्या वर कुणी तरी पहार खुपसतं आणि ती पाठीतून बाहेर काढतं, आणि मग ती तिथेच ठेवून निघून जातं. उताणं झोपता येत नाही. बसून पुढे वाकलं, गुडघे छातीशी घट्ट आवळले, तर ती एखाद्या बोटाने कमी होते. काकू धावत आली, मला तसं बसलेलं बघितलं आणि दारातच थिजली. तिने ते बसणं आधी पाहिलेलं होतं. "भाऊजी, रिक्षा बोलवा," एवढंच ती म्हणाली, पण तिचा आवाज इतका चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं आणि पॅनक्रियाटायटिस असं नाव सांगितलं. स्वादुपिंडाला सूज. स्वादुपिंड हा शब्द मी शाळेत शास्त्राच्या पेपरापुरता पाठ केला होता, ते आपल्या पोटात असतं आणि चिडलं तर आपल्यालाच पचवायला निघतं हे पुस्तकात नव्हतं. पित्ताचे खडे नाहीत म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता बाबांना विचारलं, "मुलगी ड्रिंक्स वगैरे?" त्यांना तो प्रश्न विचारणं भागच होतं, हे आता कळतं. पण बाबांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी "छे हो" म्हटलं नाही. ते सावकाश माझ्याकडे वळले आणि बघतच राहिले.

घरी आले ती पथ्य घेऊन. तळलेलं बंद, तेलकट बंद, बाहेरचं बंद, मटण, अंडी, चीज, बटर बंद. "मटण-अंडी आमच्यात नसतंच," बाबा डॉक्टरांना म्हणाले, निम्मं पथ्य आपण जन्मतःच पाळत आलोय अशा थाटात. काकूने मात्र कंबर कसली. तेलाचा डबा माळ्यावर गेला. तिने कोरड्या कढईत जिरं भाजून, कुटून भाजीत घालायला सुरुवात केली. मोहरी तेलाशिवाय टाकून बघितली, ती जळली आणि घरभर ठसका झाला, तो नाद सोडला. भाजी झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजायची. दाण्याचं कूट गेलं, ओलं खोबरं गेलं, पोळीचा फुलका झाला. कूट नाही, खोबरं नाही, फोडणी नाही, म्हणजे आमच्याकडच्या भाजीत उरलं काय? पडवळ. मी ते खात होते. कळीच्या भीतीने माणूस पडवळच काय, पडवळाचा वेलसुद्धा खाईल.

पण आजारी माणसाचं खरं जेवण म्हणजे काय? मऊ भात, मेतकूट, मीठ आणि साजूक तूप. ताप असो, जुलाब असोत, बाळंतीण असो, हेच. डॉक्टरांनी 'हलकं खा' म्हटलं की आमच्यासारख्या घरात दुसरं काही डोळ्यांपुढे येतच नाही. तूप हे तेलाच्या खात्यात धरायचं असतं, असा विचार बाबांच्या मनात आला नाही, काकूच्या आला नाही आणि कॉलेजात शिकणाऱ्या माझ्याही आला नाही. तेल बाजारातून येतं, तूप देवापुढे ठेवतात. डॉक्टरांनी बटर म्हटलं होतं, ते बाबांच्या लेखी पावभाजीवरचं. मी वाळत चालले तसा त्यांचा हात आणखी सैल सुटला. सकाळी पळी, संध्याकाळी पळी, मऊ भातात खड्डा करून तो भरेपर्यंत. हल्ली मोबाईलवर कुणी तरी तुकतुकीत बाई रोज सकाळी चमचाभर तूप प्या म्हणून सांगत असते. सांगू दे. तिचं स्वादुपिंड तिला लखलाभ.

महिन्याभरात कळ परत आली. पुन्हा दवाखाना, पुन्हा उपाशी ठेवणं, सलाईन, पुन्हा तोच प्रश्न. या वेळी बाबांनी डॉक्टरांना उत्तर दिलं: "घरात तर पथ्य कडक आहे. बाहेर काय करते ते मला माहीत नाही. हिच्या काकाला व्यसन होतं." काकू माझ्या उशाशी उभी होती. ती म्हणाली, "ह्यांनी थेंबाला हात लावला नाही." डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि बाबांचं खरं धरलं. सरकारी कचेरीतून आलेल्या, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या माणसाचं कोण खोटं धरतं?

मग घरात पोलीस ठाणं सुरू झालं. मी कॉलेजातून आले की बाबा दारात. "तोंड उघड. श्वास सोड." समोरच्या दारातल्या बाई भाजी निवडत बघायच्या. मी श्वास सोडायची आणि ते नाक पुढे करून हुंगायचे. वीस वर्षांच्या मुलीचं तोंड. माझी पर्स उपडी करायचे, बडीशेप सापडली तर विचारायचे, "ही कशाचा वास लपवायला?" मी ओरडायची, रडायची, आईची शपथ घ्यायची. "तोही शपथा घ्यायचा," ते म्हणायचे. जितकी खरं सांगायची तितकी मी त्यांच्या लेखी काकासारखी दिसत जायची. मला बाबांची अक्षरशः किळस यायला लागली होती. आणि तरीही जेवायला बसलं की ते तुपाची वाटी घेऊन उठायचे, माझ्या भातावर पळी रिकामी करायचे, आणि म्हणायचे, "हे तरी खा नीट."

त्यानंतर एका मैत्रिणीचा वाढदिवस आला. डेक्कनवरच्या हॉटेलात सगळ्या जमल्या. मी कलिंगडाच्या फोडी खाल्ल्या आणि लिंबूपाणी प्यायले, बाकीच्या जणी चीजचे लांब लांब धागे ओढत होत्या. घरी आल्यावर हुंगणं झालं. काही मिळालं नाही म्हणून बाबा जास्तच चिडले. "उपाशी आली असशील," म्हणत त्यांनी काकूला मऊ भात टाकायला सांगितला आणि वर दोन पळ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला निघाले आणि जिन्यातच खाली बसले, गुडघे आवळून. रिक्षात एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला बाबा. बाबा समोर बघत म्हणाले, "हॉटेलात जाऊन आली ना, बघ. आजपासून कॉलेज बंद. आणि ही शेवटची खेप. पुढच्या वेळी दुखलं तर दुखू दे, मी दवाखान्यात आणणार नाही. एकाचं करून झालंय माझं." मला दुखत होतं तरी मी हे शब्दन् शब्द ऐकले. पुढच्या वेळी आपण मरणार, आणि मेल्यावर टीव्ही बघताना हा माणूस आपल्याबद्दलही काही तरी म्हणणार, हे मला त्या रिक्षात स्वच्छ दिसलं.

नेहमीच्या दवाखान्यात खाट नव्हती म्हणून दुसऱ्या ठिकाणी गेलो. तिथे पन्नाशीच्या एक डॉक्टरबाई होत्या, आखूड केस, आवाज खरखरीत. त्यांनी आल्या आल्या माझं रक्त काढायला लावलं. थोड्या वेळाने हातात ती नळी घेऊन त्या परत आल्या आणि खाटेशी उभ्या राहिल्या. नळीत खाली लाल बसलं होतं आणि वर दुधासारखा पांढरा थर.

"हे काय आहे?" बाबांनी विचारलं.

"हे तुमच्या मुलीचं रक्त. वर तरंगतंय ती चरबी. इतकी रक्तात असली की स्वादुपिंड सुजणारच. उपाशी ठेवून सलाईन लावलं की दोन-तीन दिवसांत रक्त निवळतं, म्हणून आधी कुणाच्या नजरेत आलं नसेल. दारूचा प्रश्न नाही हा. हिला जन्मतःच चरबी पचत नाही, आणि हिच्या खाण्यात ती भरपूर जाते आहे. काय खाते?"

"पथ्याचं खाते," बाबा म्हणाले. "घरात तेलाचा थेंब नाही. बाहेर काय खाते ते तिला विचारा."

"मी घरचं विचारतेय. स्वयंपाक कोण करतं?"

काकू पुढे झाली. ती त्या बाईंना सकाळपासूनचं सांगायला लागली: सायीशिवायचं दूध, फुलका, वाफेवरची भाजी, ताक, मऊ भात, मेतकूट, तूप.

"किती तूप?"

काकू म्हणाली, "ते मी वाढत नाही."

डॉक्टरबाईंनी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "अन्नशुद्धीपुरतं."

"म्हणजे किती?"

"आता साजूक तूप आहे हो. घरी कढवलेलं. आजाऱ्याला..."

"अहो, किती ते विचारतेय मी. हाताने दाखवा."

बाबांनी तळहाताला थोडा खोलगटपणा दिला. मग काकूच्या डोळ्यांशी डोळे गेले आणि त्यांनी तो जरा वाढवला. "दोन्ही वेळा," ते म्हणाले. "काल... काल थोडं जास्त."

मला वाटलं होतं त्या बाई आता ओरडतील. त्यांनी नळी शेजारच्या टेबलावर ठेवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तिला कळ येत नव्हती. तुम्ही वाढत होतात." मग त्यांनी घरात आणखी कुणाला असं होतं का विचारलं, आणि काकूने काकाचं सगळं सांगितलं. जेवणानंतरचं दुखणं, ते वाकून बसणं, सगळं. एका दमात, वर्षानुवर्षं तोंडावर आलेलं आणि 'बरं'ने परत गेलेलं. बाईंनी बाबांचंही रक्त काढायला लावलं. बाबा नको म्हणत होते. त्यांच्या नळीतही वर पांढरट गढूळ थर आला, माझ्याहून पातळ, पण आला.

काकूने विचारलं, "म्हणजे ह्यांनाही हेच होतं?"

"मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे छातीठोकपणे सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण भावाचं रक्त असं, पुतणीचं असं. त्यांच्यावर दारूचा आळ मी तरी घेतला नसता."

बाबा खिडकीकडे तोंड करून उभे होते. ते वळले आणि म्हणाले, "डिस्चार्ज कधी मिळेल?"

घरी आल्यावर तुपाची वाटी दिसेनाशी झाली. कॉलेज परत सुरू झालं. त्याबद्दल बाबा एक शब्द बोलले नाहीत, फक्त एका सकाळी माझी सॅक दाराशी काढून ठेवलेली होती. हुंगणं थांबलं. माझ्या ताटात आता चरबी म्हणून जे काही जायचं ते चमच्याच्या टोकाने जायचं, आणि काकू माझ्यासाठी भाजणीच्या थालीपिठाला पर्याय, शिऱ्याला पर्याय असले एकेक उद्योग करत बसायची. साबुदाण्याची खिचडी तिने ताकात शिजवून बघितली, ती मात्र देवालाही घशाखाली गेली नसती. कळ थांबली. आठवडे गेले, महिने गेले, कळ आली नाही. मी वाट बघत होते ती एका शब्दाची. चुकलो म्हणू दे, नाही तर 'तुला उगीच बोललो' म्हणू दे, निदान नुसती मान हलवू दे. माणूस शेजाऱ्याच्या पायावर पाय पडला तर सॉरी म्हणतो. बाबांनी माझ्याबाबतीत म्हटलं नाही आणि काकाबाबतीत तर नाहीच नाही. काकाचं नाव घेणंच त्यांनी बंद केलं. टीव्हीवर दारुड्या आला की चॅनल बदलायचे. त्यांना वाटायचं, झाली फिटंफाट.

एका दुपारी काकू जिरं भाजत होती आणि मी ओट्याशी उभी होते. मी म्हटलं, "काकू, तू किती वर्षं एकटी सांगत होतीस आणि शेवटी तुझंच खरं निघालं." मला वाटलं तिला बरं वाटेल. तिने गॅस बंद केला आणि कढईत बघत म्हणाली, "माझं कसलं खरं गं." मग सांगितलं. काका शेवटचा दवाखान्यात होता तेव्हा बाबा रोज तिला बाजूला घेऊन समजवायचे, तो तुझ्यापासून लपवतो, पुरुषांचं बायकांना कळत नाही. डॉक्टरही विचारत होते. काका तिला म्हणाला होता, "तुझा तरी विश्वास आहे ना?" आणि ती त्याला म्हणाली होती, "आता तरी खरं सांगा. मी रागावणार नाही." त्यावर तो काही बोलला नाही. त्यानंतरही फार बोलला नाही, आणि गेला. "नंतर मी सगळ्यांना ठणकावून सांगत राहिले," काकू म्हणाली, "पण मृणाल, त्यांना नाही सांगितलं. त्यांना मी तेवढंच म्हटलं होतं." तिने जिरं खलबत्त्यात ओतलं आणि कुटायला लागली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरातून दणदण आवाज येत होता.

माझं टाळकं सणकलं. बाबांना याचं काहीच नको का कळायला? एका माणसाने मरताना बायकोकडे एवढंच मागितलं आणि यांच्यामुळे त्याला तेही मिळालं नाही, हे यांना जेवणात मीठ कमी असल्याइतकंसुद्धा जाणवू नये? दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबा जेवायला बसले होते, त्यांच्याही ताटात आता माझ्यासारखाच कोरडा वरण-भात. काकू फुलके भाजत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं, एक शब्द न गाळता. मला त्यांना दुखवायचं होतं. हातातला घास खाली पडावा, डोळ्यांत पाणी यावं, काही तरी व्हावं म्हणून मी सांगत होते.

बाबांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला. आणि मी डोळ्यांनी बघितलं, त्यांचा चेहरा सैल झाला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले. "म्हणजे तिलाही तसंच वाटत होतं," ते म्हणाले. "मग मला एकट्याला काय बोलता?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात फुलका होता, वाफ निघत होती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती पुढे आली. रागावलेली नव्हती, रडतही नव्हती.

"हो भाऊजी, वाटत होतं," ती म्हणाली. "रोज तुम्हीच सांगत होतात ना."

बाबा वर बघायला लागले. त्यांचे ओठ हलले. 'बरं' म्हणणार होते बहुतेक, पण ते आलं नाही. त्यांचा हात भातातच होता. काकू खाली वाकली, त्यांच्या पुढचं ताट उचललं आणि आत घेऊन गेली.